चाल : स्वतःची



आमच्या आक्काची एक वही आहे. आक्काचे वय आज ७६. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत दशलक्षण पर्वासाठी, महावीर जयंतीसाठी, कुणा भगिनीच्या उपवासाच्या पारण्यासाठी तिने रचलेली सुमारे चाळीस पदे त्या वहीत आहेत. प्रत्येक पदाच्या माथ्यावर चालीचा उल्लेख आहे आणि तो बहुधा एखाद्या चित्रपटगीताचा आहे. भजनी मंडळांची ही जुनी रीत वाचकांना परिचित आहेच. तिला नावे ठेवण्याचा हेतू नाही. परंतु सात पदांच्या माथ्यावर निराळेच लिहिले आहे : 'चाल – स्वतःची'.

गेल्या वर्षी पर्वापूर्वी मी तिला त्यांपैकी राजुलमतीवरील पद म्हणावयास सांगितले. ध्रुवपद तिने म्हटले आणि अंतऱ्यापाशी ती थांबली. दोनदा नव्याने आरंभ केला, मग वही मिटून म्हणाली, "अरे, शब्द समोर आहेत, पण चाल गेली." उरलेल्या सहा चाली तरी जपून ठेवाव्यात, आणि सातवी सापडते का ते पाहावे, यासाठी घरात एखादे वाद्य हवे असे त्या दिवशी ठरले.

तिची हार्मोनियम केव्हाच निकामी झाली होती. भाता फाटलेला, आणि गावात दुरुस्ती करणारा कोणी उरलेला नाही. शिवाय हार्मोनियमच्या भात्याला व झडपांना कातडे लावण्याची रीत आहे. तबला, ढोलकी तर कातड्याशिवाय नाहीतच. आपल्यातील अनेक कुटुंबे चामड्याची वस्तू घरात आणीत नाहीत. त्या दृष्टीने विजेवरचा कीबोर्ड हे निर्दोष वाद्य होय. साधुसंत विराजमान असतील तेथे विजेचे वाद्य वाजवावे की नाही, हे ज्या त्या परंपरेने ठरवावे. मी केवळ घरातल्या गोष्टीविषयी लिहीत आहे.

कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असला तरी आपल्याकडे त्याला 'कॅसिओ' म्हणतात आणि दुकानाच्या पाटीवर 'सिंथेसायझर' असे लिहिलेले असते. खरा सिंथेसायझर निराळा. रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये जे यंत्र सिद्ध केले, त्यात विजेच्या कंपनांपासून ध्वनी मुळातूनच घडविला जातो. त्या जातीच्या वाद्यांवर खटके आणि गोल बटणेच अधिक. नवनवे ध्वनी घडविणाऱ्याला ती हवीत, पद रचणाऱ्याला नव्हेत. घरगुती कीबोर्डमध्ये बासरी, सतार, व्हायोलिन यांचे ध्वनी आधीच साठविलेले असतात. आपण पट्टी दाबली की ते ऐकू येतात. आपले काम एवढ्याने भागते.

खरेदीत पहिली चूक माझीच. कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात आयुष्य गेले, तरी स्वतःच्या पैशाच्या वेळी गरज काय हा प्रश्न न विचारता मी किंमत पाहिली. स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून बारीक पट्ट्यांचे लहान वाद्य घेऊन आलो. आक्काची संधिवाताची बोटे एका वेळी दोन पट्ट्यांवर पडू लागली. ते वाद्य आता नातवाच्या खेळण्यांत आहे.

दुसऱ्या खेपेस तिलाच दुकानात नेले. तेथील तरुणाने सहाशे ध्वनी आणि दोनशे ताल यांचे वर्णन सुरू केले. आक्काने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काळी पाचचा सा आहे, पण माझा गळा आता पांढरी पाचवर आलाय. त्याला काय करायचं?"

हाच खरा प्रश्न होता. शाळेत असल्यापासून ती काळी पाचवरून गाते व वाजवते. वयोमानाने आवाज तीन पट्ट्या खाली आला, परंतु बोटांना जुनीच वाट ठाऊक. पांढरी पाचला सा धरला की शुद्ध आणि कोमल स्वरांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सारी मांडणीच पालटते आणि ती चुकते. कीबोर्डवर 'ट्रान्सपोज' नावाची सोय असते. तिथे उणे तीन आकडा घातला की बोटे काळी पाचवरच फिरतात आणि स्वर मात्र पांढरी पाचचा निघतो. आक्काने सा लावून पाहिला, तिचा गळा त्याला मिळाला आणि निम्मी खरेदी तिथेच झाली. आमच्या वाद्यात बंद करताच हा आकडा शून्यावर जातो; म्हणून मी 'उणे ३' अशी चिठ्ठी वाद्यावरच चिकटविली आहे.

उरलेल्या निम्म्याविषयी थोडे सांगतो. पट्ट्या पूर्ण रुंदीच्या असाव्यात. ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तके. हार्मोनियम साडेतीनच्या आसपास असते, तेव्हा याहून मोठे वाद्य केवळ जागा अडविते. पट्टी हळू दाबली की स्वर मृदू, जोराने दाबली की ठाशीव, असा स्पर्शाचा फरक उमटणारे वाद्य थोडे महाग पडते; पण तिथे पैसे वाचवू नयेत. सर्व स्वर एकाच जोराने वाजू लागले की भक्तिपद कवायतीसारखे ऐकू येते. कानाला लावायच्या हेडफोनची जोडणी हवीच. आक्काला चाली पहाटे सुचतात आणि सूनबाईंची झोपेची वेळ तीच असते. आमचे वाद्य सहा पेन्सिल सेलवरही चालते, हे वीज जाणाऱ्या गावात कळते.

भारतीय गायकांसाठी काढलेली वाद्ये आता मिळतात. यामाहाच्या अशा काही वाद्यांत तबला-तानपुऱ्याच्या साथीची 'रियाज' नावाची सोय आहे. कॅसिओच्या काही वाद्यांतही भारतीय ध्वनी व ताल आहेत. तानपुरा अत्यंत उपयोगी. तालाविषयी मात्र माझे मत थोडे कडक आहे. चाल बांधताना तो बंद ठेवावा. तयार केरवा सुरू केला की शब्द निमूटपणे त्याच्या मागे चालू लागतात आणि प्रत्येक पद आधीच्या पदासारखे होते. चाल पक्की झाल्यावर ताल लावावा.

जतन करण्याचा प्रश्न मला हिशेबनीस म्हणून अधिक रंजक वाटला. 'मिडी' ही १९८३ मध्ये प्रचारात आलेली संकेतपद्धती. तीत आवाज साठविला जात नाही. कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद होते. म्हणजे ही खतावणी झाली, रोकड नव्हे. नोंदीचा लाभ असा की पुढे पट्टी बदलता येते, लय कमी करता येते, चुकलेला एखादा स्वर दुरुस्त करता येतो. मात्र तीत आक्काचा गळा येत नाही. म्हणून आम्ही दोन्ही करतो. वाद्यावर ती सुरावट वाजविते, मी ती यूएसबी तारेने संगणकावर उतरवितो. आणि ती गाते तेव्हा फोन केवळ समोर ठेवतो.

गळ्याचे ध्वनिमुद्रण मला अधिक मोलाचे वाटते, कारण कीबोर्डला मर्यादा आहेत. त्याचे बारा स्वर समान अंतरावर बसविलेले असतात. नैसर्गिक शुद्ध गंधारापेक्षा त्याचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो. लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतर १०० सेंट धरले तर हा फरक लहान, पण तानपुऱ्याजवळ बसणाऱ्याच्या कानाला कळणारा. मींड तर पट्ट्यांवर निघतच नाही. काही वाद्यांत डावीकडे स्वर वाकविण्याचे चाक असते, ते फिरवून आक्का हसली आणि तिने ते सोडून दिले. याच जातीच्या उणिवांवरून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियम आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवली होती, आणि त्या काळातही घरोघरी आणि देवळोदेवळी लोक तिच्यावरच गात राहिले. चाल शोधावयास आणि धरून ठेवावयास कीबोर्ड पुरेसा आहे. पद म्हणावे गळ्याने.

सर्व मिळून खर्च १५,००० रुपयांच्या आत आला, स्टँडसह. स्टँड घेताना बसणाऱ्याच्या खुर्चीची उंची मोजून घ्या. आम्ही ती मोजली नव्हती.

सहापैकी सहा चाली उतरवून झाल्या. भाद्रपद शुद्ध पंचमीला पर्व सुरू होईल तेव्हा मंडळ त्यांतील दोन म्हणणार आहे. तालमी सुरू आहेत, आणि तरुण मुलींना त्या फोनवरून पाठविल्याने पाठही झाल्या आहेत. राजुलमतीच्या पदाचे ध्रुवपद नोंदविले आहे. अंतऱ्याची जागा मोकळी ठेवली आहे. मी सुचविले, "आक्का, नवीन चाल लाव की तिथे." ती म्हणाली, "थांब रे. धैवतावरून काहीतरी होतं, एवढं बोटांना आठवतंय." रोज दुपारी जेवणानंतर ती हेडफोन लावून बसते. आम्हाला काहीच ऐकू येत नाही, फक्त पट्ट्यांचा टकटक आवाज येतो.