शांततेची राखण

मिनेसोटाच्या उत्तर सीमेवर, कॅनडाला लागून, ‘बाउंडरी वॉटर्स’चे अरण्य आहे. हजारावर सरोवरे! वल्हे मारीत जायचे, मधली पायवाट होडी खांद्यावर घेऊन तुडवायची. अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४९ साली तिथे विमानांना खालून उडायला मनाई केली; १९७८च्या कायद्याने बहुतेक सरोवरांवरून मोटरबोटी हटवल्या.

‘म्हाताऱ्याकोताऱ्यांवर हा अन्याय!’ अशी ओरड होते. मला ती मुळीच पटत नाही. काही सरोवरांवर मोटरबोट आजही चालते. त्यांनी तिथे खुशाल जावे. पण एक इंजिन धडधडले, की लून पक्ष्याच्या सादेला सारेच मुकतात. वाचकहो, वेग कुठेही मिळेल. शांतता मात्र राखावीच लागते, आणि राखण म्हटली की कुणाला तरी ‘नाही’ म्हणणे आलेच!