घर बदलले, पोचपावती खोक्यात

आमच्या कोकणात ‘इकामा’ हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो. सौदीत नोकरीला असलेल्या माणसाचा इकामा संपत आला की त्याचा कफील नूतनीकरणाचे बघतो. घरच्यांनी फक्त काळजी करायची. अमेरिकेत ग्रीन कार्डवाल्याला असा कोणी कफील नसतो. मुदत संपली की अर्ज आपणच करायचा आणि अर्ज पडून असताना घर बदलले तर तेही आपणच कळवायचे. हे शेवटचे माझी धाकटी बहीण विसरली.

ती न्यू जर्सीत राहते. तिच्या कार्डाची दहा वर्षांची मुदत २०२५ च्या जानेवारीत संपणार होती. मुदतीआधी सहा महिन्यांत अर्ज करता येतो, तसा तिने नोव्हेंबरमध्ये टपालाने केला. पोचपावती आली. ती पोचपावती म्हणजे एक साधा कागद, ना फोटो, ना चमक. तिने तो बघितला आणि ठेवून दिला.

फेब्रुवारीअखेर भाड्याचा करार संपला. रमजानचा चाँद झाला त्याच रात्री सामान हलवले. दोन मुले, पाहिली सहेरी नव्या घरात आणि तवा कुठल्या खोक्यात ते कोणालाच माहीत नाही! तिच्या मियाँनी पोस्टात नवा पत्ता नोंदवला. जुन्या घरची पत्रे आता आपोआप येतील, असे समजून दोघे निर्धास्त झाले.

चूक इथेच झाली. पोस्ट बाकीची पत्रे नव्या घरी पाठवते, पण स्थलांतर खात्याची पत्रे पुढे पाठवत नाही. घर बदलल्यापासून दहा दिवसांत त्या खात्याला वेगळे कळवावे लागते, तसा कायदाच आहे. घरातल्या प्रत्येकाचे वेगळे कळवायचे. अर्ज प्रलंबित असेल तर पोचपावतीवरचा तेरा अक्षर-अंकांचा क्रमांकही द्यायचा, म्हणजे त्या अर्जावरचा पत्ता बदलतो. कार्ड छापून जुन्या पत्त्यावर गेले आणि परत फिरले, तर कामकाजाच्या साठ दिवसांत संपर्क न केल्यास खाते ते नष्टही करते.

मे महिन्यात जुन्या इमारतीतल्या हैदराबादी खालांचा फोन आला. ‘बेटी, तेरे नाम का सरकारी लिफाफा आया है.’ आत बोटांचे ठसे द्यायला बोलावल्याचे पत्र होते, तारीख तीन दिवसांनंतरची. त्या दिवशी ती गेली नसती आणि काही कळवलेही नसते, तर अर्ज सोडून दिला असे धरून नामंजूर होऊ शकला असता. त्या खालांना अल्लाह सलामत ठेवो. ठसे देऊन आली त्याच संध्याकाळी तिने पत्ता बदलल्याचे कळवले.

जूनमध्ये अम्मी मोरीत घसरली, खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन ठरले. मी फोन केला तर धाकटी रडायलाच लागली. ‘आपा, माझं कार्ड संपलंय. मी आले तर मला परत आत घेतील का? मुलं इथे आहेत.’ मलाही काही सुचेना. अम्मी मात्र पलंगावरून सारखी एकच विचारत होती, ती कधी निघाली?

शेवटी तिथल्या एका वकीलबाईंनी विचारले, पोचपावती कुठे आहे? त्या कागदावरच लिहिलेले असते की जुन्या कार्डाची मुदत, कार्डावरच्या तारखेपासून, छत्तीस महिने वाढवली आहे. म्हणजे तिची २०२८ च्या जानेवारीपर्यंत. जुने कार्ड आणि तो कागद मिळून नोकरीलाही चालतात, परतीच्या प्रवासालाही. शिवाय कार्डाची मुदत संपली म्हणून तिथे राहण्याचा हक्क संपत नाही. इतके दिवस ती उगाच जीव मुठीत धरून होती.

आता कागद शोधायचा. चार महिने झाले तरी अर्धी खोकी बंदच होती. (मी काही बोलले नाही. माझ्याकडेही लग्नातली एक पेटी अजून उघडायची आहे.) रात्री दोन वाजता तो सापडला, सांदणे करायच्या वाट्यांखाली, विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात.

ती आली, पाच आठवडे राहिली. अम्मीला तिनेच वॉकर धरून पहिली पावले टाकायला लावली. परत जाताना मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने कार्ड बघितले, तारीख बघितली आणि मान हलवली. धाकटीने कागद पुढे केला. मुलीने तो साहेबांना दाखवला, साहेबांनी कुठे तरी फोन लावला. वीस मिनिटे गेली. मी काचेबाहेर तसबीह ओढत उभी. मग बोर्डिंग पास मिळाला.

कार्ड अजून यायचे आहे. नव्या घराच्या टपालपेटीवर तिने स्वतःचे पूर्ण नाव चिकटवले आहे, कार्डावर आहे तसेच. पेटीवर नाव दिसले नाही की पोस्टमन पत्र परत नेऊ शकतो, असे त्या खालांनीच सांगितले. परवा फोनवर मी विचारले, ‘कागद कुठे आहे?’

‘पासपोर्टमध्ये, आपा.’

अम्मी शेजारून ओरडली, ‘झेरॉक्स काढलीस का?’