वणव्यानंतर खड्डे नकोत, राखण हवी



उन्हाळा आला की वसईहून तुंगारेश्वरच्या डोंगरावर रात्री आगीची माळ दिसते. मग पावसाळ्यात रोपं लावतानाचे फोटो येतात. आज त्या पैशाबद्दल थोडं बोलतो.

आधी माझी चूक सांगतो. डोंगराच्या पायथ्याशी माझी अडीच एकर वरकस आहे. नऊ वर्षांपूर्वी मी राब भाजत होतो, वारा फिरला आणि आग बांध ओलांडून वर गेली. आम्ही चौघं ओल्या टहाळ्यांनी झोडपत होतो, दुपारी कुठे विझली. तोवर वरकस आणि वरचा जंगलाचा तुकडा काळाठिक्कर. म्हणून वणवा लावणारा कोण, असं विचारून दुसऱ्याकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही.

त्या पावसात मी घाईघाईने ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरीची दोनशे रोपं लावली. दिवाळीपर्यंत निम्मी मेली, उरलेली पुढच्या उन्हाळ्यात वणव्यात गेली. पण कोपऱ्यात जिथं काहीच लावलं नव्हतं, तिथं ऐन, कुडा, पळस, खैर जुन्या बुंध्यातून फुटले होते! वरचं जळलं तरी मूळ जिवंत असतं. दरवर्षी जाळलं तर मात्र फुटवा कधी डोक्याच्या वर जात नाही, आणि त्या जागी घाणेरी, रानमोडी माजते.

मग मी रोपं आणणं बंद केलं. दिवाळीनंतर कडेने दहा फूट गवत काढून जाळरेषा ठेवतो. एका बुंध्यावर दोन जोमदार फुटवे ठेवतो, बाकीचे छाटतो. मोकळ्या जागी जूनच्या तोंडाला आपटा, बिवळा, मोह यांचं बी टोकतो. मोहाचं बी टिकत नाही, ताजंच टोकावं लागतं. गुरं तीन वर्षं आत सोडली नाहीत. आज ऐन माझ्या दुप्पट उंच आहे. खर्च झाला तो मजुरीचा, रोपांचा जवळपास नाहीच.

आता मुद्दा. पैसा नाही असं नाही. रस्ते, प्रकल्पासाठी वनजमीन गेली की भरपाई वनीकरण निधीत रक्कम जमा होते. 2016 साली त्याचा कायदा झाला. 2019 मध्ये केंद्राने राज्यांना 47 हजार कोटींवर रक्कम दिली, त्यात महाराष्ट्राचे सुमारे 3,844 कोटी. जंगल आपोआप फुटायला मदत करणं आणि वणवा रोखणं, ही दोन्ही कामं या निधीच्या नियमांत बसतात. तरी आपल्याला दिसतात ते खड्डे आणि फलक. खड्डा मोजता येतो, फोटो निघतो. न लागलेल्या वणव्याचा फोटो कसा काढणार?

आपल्या फळबाग योजनेकडे बघा. भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदान 50, 30, 20 टक्के असं तीन वर्षांत मिळतं, आणि पुढच्या हप्त्याला कोरडवाहूत 80 टक्के झाडं जिवंत लागतात. आंब्याला जो नियम, तो जळलेल्या डोंगराला का नको? लावली किती ते विचारू नका, तीन वर्षांनी उभी किती ते विचारा.

आणि पैसा पाड्यावरच्या माणसाच्या हातात जाऊ द्या. जाळरेषा, फेब्रुवारी ते मे राखण, गावठी बियांची छोटी रोपवाटिका, एवढ्याची मजुरी द्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखायचा हक्क दिलाच आहे. हक्क आहे, पण रोज नाही. पोट भरायला विटभट्टीवर जाणारा माणूस फुकट डोंगर कसा राखेल?

कोणी म्हणेल, राखणीचे पैसे खाल्ले जातील. खड्ड्यांचे जात नाहीत का? इथे निदान डोंगर काळा की हिरवा, ते सगळ्या गावाला दिसतं.

आपणही एक पाळूया. राब भाजायचा तर भल्या पहाटे, वारा पडलेला असताना, कडेचं गवत आधी काढून, आणि पाण्याचा हंडा जवळ ठेवून. मी हे नऊ वर्षं उशिरा शिकलो नाही, पण एक डोंगर जाळून शिकलो.

तुमच्याकडे जळलेल्या जागेवर काय आपोआप फुटलं? नावासकट कमेंटमध्ये लिहा.