डाग शाबूत, तार तुटलेली

सोयाबीनवर फवारण्या सुरू झाल्या की लातूरच्या माझ्या दुकानात बॅटरीवरचे पंप येऊ लागतात. "मोटार गेली बघा," म्हणत शेतकरी पंप टेबलावर ठेवतो. बहुतेक वेळा मोटार ठणठणीत असते. खालचं झाकण उघडलं की सर्किट बोर्डावरचा सोल्डरचा डाग चकचकीत दिसतो. तार मात्र डागापासून दोन-तीन मिलिमीटरवर तुटलेली.

नेमकी तिथंच का? या तारेत १४ किंवा २३ केसासारख्या तारा पिळलेल्या असतात, म्हणून ती दोरीसारखी वाकते. डाग देताना पातळ झालेलं सोल्डर, वातीत तेल चढावं तसं, त्या तारांच्या फटींतून प्लास्टिकच्या आत चढतं. तेवढा तुकडा सळईसारखा ताठ होतो, त्यापुढं तार पुन्हा मऊ. सोळा लिटरचा पंप पाठीवर दिवसभर हिंदकळतो आणि सगळं वाकणं त्या ताठ-मऊच्या सीमेवर येतं. मग एकेक तार तुटत जाते. नवशिका कारागीर तिथं आणखी सोल्डर थापतो. ताठ तुकडा तेवढा लांबतो, दुसरं काही होत नाही.

लहानपणी दारात कल्हईवाला यायचा. आधी भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, मग कथील बोटभर. बाकी काम कापसाच्या बोळ्याचं. इथंही तेच. बोर्डाचा ठिपका आणि तार तापवा, सोल्डर आपोआप पसरतं. ६०-४० चं सोल्डर १९० अंशांच्या आत वितळतं. त्याच्या पोटात राळ असतेच, वर पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट फासू नका, ती पुढं तांबं खाते. (वायरमन मंडळींनो, स्क्रूखाली जाणाऱ्या तारेला मात्र सोल्डर लावूच नका. दाबाखाली ते हळूहळू सरकतं, स्क्रू ढिला होतो आणि जोड तापतो.)

पण डाग कितीही सुरेख असो, तार धरून ठेवायला काहीतरी हवंच. बोर्डाला एक जादा भोक पाडून तार त्यातून ओवावी, नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीनं सांगाड्याला बांधावी, तेही नाही तर गरम गोंदाचा थेंब टाकावा. हजारोंचा पंप विकणाऱ्यांना एवढंही सुचत नाही, याला मी काटकसर म्हणत नाही. हा निष्काळजीपणा आहे. त्यात शेतकऱ्याचा ऐन फवारणीतला दिवस जातो.

पुढचा पंप घ्याल तेव्हा दुकानदाराला झाकण उघडायला लावा. चारच तर स्क्रू असतात. तार बोर्डाजवळ बांधलेली नसेल, तर तो पंप तिथंच ठेवून या.