धने, संत्र्याची साल आणि दारूबंदी

मंडळी, सध्या वहीत एक बेत शिजतोय. बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, २० लिटर. मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, अडीच किलो. तेवढाच साधा, मोड न आणलेला गहू. मी आपला खपली धरलाय. भरडलेले धने २० ग्रॅम, संत्र्याची साल २५ ग्रॅम, थोडे हॉप्स. भरड ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायची, गाळायची, तासभर उकळायची, धने आणि साल शेवटी. मग गार करून यीस्ट. साताऱ्याची थंडी याला अगदी झकास!

बेल्जियममध्ये हा प्रकार १९५० च्या दशकात जवळजवळ संपला होता. होगार्डनच्या पिअर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने १९६६ मध्ये तो पुन्हा सुरू केला.

माझा बेत मात्र वहीतच राहणार. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग विका किंवा नका विकू. आणि घरच्यापुरत्या बिअरला परवाना मागायची सोयच नाही.

आता गंमत बघा. २००१ मध्ये सरकारने द्राक्षाच्या वाइनसाठी खास धोरण आणलं, सांगलीकडे पलूसला वाइन पार्क काढलं. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान जाहीर केलं. आपल्या उसाची मळी कुठे जाते, हे कृष्णाकाठी कुणाला सांगायला नको. म्हणजे धान्य कारखान्यात आंबलं तर उद्योग, आणि माझ्या पातेल्यात आंबलं तर गुन्हा?

यावर काकू म्हणतील, दारूने घरं बसली त्याचं काय? बरोबर आहे. डॉ. दाभोलकरांनी साताऱ्यात 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र उगाच नाही काढलं. पण व्यसनाला माणूस लागतो तो कोपऱ्यावर सहज मिळणाऱ्या बाटलीने. महिना-दीड महिना वाट बघून, धने कुटून, बाटल्या उकळत्या पाण्यात घालून कोण व्यसन करतो हो?

आणि विषारी दारूचं म्हणाल, तर २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने. ते धंदेवाले नफ्यासाठी मिसळतात. गहू-जव आंबवून केलेल्या, न गाळलेल्या बिअरमध्ये जीव घेण्याइतकं मिथेनॉल तयारच होत नाही. हातभट्टी आणि ही बिअर एकाच माळेत ओवणं म्हणजे शुद्ध आळस.

ब्रिटनने घरगुती बिअरची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून स्वतःपुरती मोकळीक दिली, लिटरांची मर्यादा घालून. आपणही तेवढंच करावं. उत्पादन शुल्क खात्याकडे नोंदणी, वर्षाची मर्यादा, आणि विक्री सापडली तर खुशाल कडक शिक्षा.

पटत नसेल तर खाली भांडा. फक्त "आपल्या संस्कृतीत बसत नाही" एवढं म्हणू नका. मग त्या वाइन पार्कचं काय, तेही सांगावं लागेल.