खाली नाव कुणाचं?

मी भालकी तालुक्यातला, जिल्हा बीदर. सध्या हैदराबादला राज्यशास्त्रात एम.ए. करतोय, राहायला नामपल्लीत. इथे बातमीला तोटा नाही. काँग्रेसचं गांधी भवन इथेच, भाजपचं प्रदेश कार्यालय इथेच, पब्लिक गार्डनला लागून विधानसभा. स्टेशनसमोरच्या ज्या इराणी हॉटेलात मी सकाळी चहा घेतो, तिथे एक म्हातारे चाचा रोज दोन उर्दू पेपर घेऊन बसतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना मोबाइलवर सीमाभागातला एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "नीचे नाम किसका हे मियाँ?" मी म्हटलं, नाव नाही चाचा, फॉरवर्ड आलाय. "नाम नईं तो आगे नक्को भेजो," एवढं म्हणून ते परत पेपरात शिरले.

मी गप्प बसलो. कारण डिसेंबर २०२२ मध्ये मी नेमकं हेच करून बसलो होतो.

आठवतंय ना ते दिवस? ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, हैदराबादेत नवीन. एका रात्री व्हिडिओ आला, वर लिहिलेलं "आत्ताच, उदगीर रोड". बसच्या काचा फुटतायत, आत बायका ओरडतायत. मी तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर स्वतःची भर घातली, "कुणीही बाहेर पडू नका."

दुसऱ्या दिवशी बाबा आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उदगीरला नेणार होते. माझा मेसेज बघून त्यांनी जाणं रद्द केलं. नंतर कळलं, व्हिडिओ जुना होता आणि आपल्या भागातलाही नव्हता. उदगीरची बस त्या सकाळी नेहमीच्या वेळेला सुटली होती. आजीला पुढची तारीख मिळाली दोन महिन्यांनी. मधल्या काळात ती न्हाणीच्या पायरीवरून पडली, मनगट मोडलं. ते अजून नीट वळत नाही. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. मीही आजवर तिला सांगितलेलं नाही.

त्याच महिन्यात, १४ डिसेंबरला, केंद्रीय गृहमंत्री अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवलं. बैठकीनंतर त्यांनी सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही हा वाद भडकवला, त्यावर गुन्हे नोंदवू. कुणी बनवलं, कुणी पसरवलं, याचा हिशेब सरकारने मांडावा. पण पसरवणाऱ्यांत मीही होतो, फुकटचा हमाल. म्यानमारमध्ये याहून भयंकर घडलं. तिथे आपला मंच हिंसा भडकवायला वापरला गेला आणि आपण तो रोखायला पुरेसं काही केलं नाही, हे २०१८ साली खुद्द फेसबुकने कबूल केलं.

चाचांच्या प्रश्नाने मला या शहरातल्या एका संपादकाची आठवण झाली. शोएबुल्ला खान. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक काढलं. इमरोज म्हणजे आज. त्या काळी उर्दू पेपरचा मजकूर कातिब हाताने लिहायचे आणि तो शिळाछापावर छापला जायचा. रोजचा अग्रलेख म्हणजे रोजची मेहनत, आणि खाली संपादकाचं नाव. शोएबुल्ला लिहीत होते की हैदराबाद संस्थानाने भारतात सामील व्हावं, आणि रझाकारांचा धुमाकूळ थांबवावा. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी, लातुरात वकिली करणारा. धमक्या आल्या, तरी अग्रलेख थांबले नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, २१ तारखेच्या रात्री, काचीगुड्याच्या भागात घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या आणि हात तोडले. वयाची तिशीही गाठली नव्हती. महिनाही उलटला नाही तोच, १७ सप्टेंबरला, संस्थान भारतात आलं.

आपण मराठवाड्याशी नातं सांगणारे लोक १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो आणि शोएबुल्लांचं नाव अभिमानाने घेतो. पण एक गोष्ट विसरतो. ते परक्यांविरुद्ध लिहीत नव्हते. जे लोक त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच समाजाच्या नावाने बोलत होते, त्यांना ते रोज सांगत होते की तुमचं चुकतंय.

हे आपल्याला जमतं का? १९२१ ची गोष्ट आहे. नामपल्लीहून चालत अर्ध्या-पाऊण तासावर विवेकवर्धिनी आहे, हैदराबादच्या मराठी माणसांनी उभी केलेली संस्था. तिथे महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. आलमपल्ली वेंकटरामाराव तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि सभेत त्यांची हुर्यो उडवली गेली. त्या अपमानातून आंध्र जनसंघ उभा राहिला. पुढे १९२६ मध्ये सुरवरम प्रतापरेड्डींनी 'गोलकोंडा पत्रिका' काढली. नामपल्लीतल्या तेलुगू विद्यापीठाला आता त्यांचंच नाव आहे. भाषेची मुस्कटदाबी काय असते हे आपण बेळगाव-बीदरच्या लोकांनी वेगळं शिकायला नको. पण त्या सभेत आरडाओरडा करणाऱ्या बाजूला आपले लोकही होते, हेही आपल्या पानावर यायला हवं.

कुणी म्हणेल, लढा चालू असताना स्वतःचीच चूक कशाला काढायची? माझं उत्तर साधं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले आणि भालकी, औराद, बसवकल्याणकडची मराठी गावं बीदरबरोबर म्हैसूर राज्यात गेली. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो ८६५ गावांचा. तो उभा आहे कागदावर: गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकांची इच्छा. इतकी वर्षं लोकांनी जपून ठेवलेले सातबारे, शाळेचे दाखले, जनगणनेचे आकडे हीच आपली ताकद. आपण एक खोटा व्हिडिओ फिरवला की समोरच्याला म्हणता येतं, यांचं सगळंच असलं. आता तर एखाद्या पुढाऱ्याचा खोटा आवाज दोन मिनिटांत तयार होतो.

म्हणून या पानावरच्या माझ्या भावा-बहिणींना तीन विनंत्या. कुणी, कुठे आणि कधी काढलं हे कळल्याशिवाय काही पुढे ढकलू नका. चूक झाली तर त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती टाका. गुपचूप डिलीट करून मोकळे होऊ नका. आणि आपल्या गावाची बातमी रोज स्वतःच्या नावाने लिहिणारा तालुक्याचा वार्ताहर असेल, तर त्याचा पेपर विकत घ्या. तो आपल्याविरुद्ध लिहील त्या दिवशीसुद्धा घ्या.

मागच्या आठवड्यातला तो व्हिडिओ मी पुढे पाठवलेला नाही. कुठला आहे ते शोधतोय. सापडलं तर इथेच लिहीन, माझ्या नावाने. त्याआधी एक काम बाकी आहे. या रविवारी भालकीला जातोय, आजीला त्या मेसेजचं सगळं सांगायला.