शेजारच्या बोक्याचे औषधपाणी

“जेथे माणसांना औषध मिळत नाही, तेथे मांजरासाठी वर्गणी कसली?” असा प्रश्न आमच्या गल्लीत ऐकू येतो. प्रश्न सयुक्तिक वाटतो खरा. पण तो विचारणाऱ्यांनी माणसांसाठी तरी कधी वर्गणी काढल्याचे स्मरत नाही! शिवाय प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे १९७६ साली राज्यघटनेत नमूद झालेल्या मूलभूत कर्तव्यांत येते.

बोक्याची लघवी तुंबली, तर दोन-तीन दिवसांतच त्याच्या प्राणांवर बेतते. तेथे घरगुती उपाय चालत नाहीत. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला विषच ठरते. नळी घालून मार्ग मोकळा करणे, सलाइन, पुन्हा तपासणी, हा खर्च निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एकाकी आजींना कसा झेपावा? आणि त्या तोंडाने मागणार नाहीत. म्हणून शेजारच्या चार घरांनीच रक्कम जमवून ती परस्पर दवाखान्यात भरावी. आजींच्या हाती नोटा ठेवून त्यांना ओशाळे करू नये. त्यांनी ‘उसने’ म्हटले, तर उसनेच समजावे.

आपण विद्यार्थ्यांजवळ पैसे कोठून असणार? आपण टोपली धरून आजींसोबत दवाखान्यापर्यंत जावे. झाकण मात्र घट्ट बांधावे; दुखणाईत बोका ओळखीच्यालाही ओरबाडतो.